नावाचा प्रश्न

कुणाला 'बोरू'विषयी प्रश्न पडला, की तो खरोखर पडतो. धप्प असा आवाज होतो, मग तो उठतो, कपडे झटकतो आणि मिरजेला आमच्या मंडळाच्या जिन्याकडे चालू लागतो.

बोरू म्हणजे संगणकावर मराठी लिहायची सोय. फुकट आहे, आणि नुसता फुकट नाही, मुक्त आहे. म्हणजे त्याच्या पोटात काय आहे ते कुणीही उघडून बघावं, पटलं नाही तर दुरुस्त करावं, आमची ना नाही. तो आम्ही तिघांनी केला. दीपांकर मगदूमने आतली सगळी गणितं लिहिली. नेमगोंडा अण्णांनी तंतुवाद्यांच्या गल्लीतली आपली माडी वापरायला दिली आणि स्वतःला अध्यक्ष करून घेतलं. आणि मी, शैला आवटी, माझी टायपिंग इन्स्टिट्यूट बंद पडल्यामुळे रिकामीच होते, तेव्हा प्रश्नांकडे बघायचं काम माझ्या गळ्यात आलं. मी तोंडाने फटकळ आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण प्रश्नांवर मी कधी डाफरले नाही. ते बिचारे पडलेले असतात, त्यांच्यावर काय डाफरायचं?

प्रश्न दिसायला विचारणाऱ्यासारखाच असतो. तोच चेहरा, तेच कपडे, फक्त उंचीला कमी आणि मानेत जरा वाकलेला. प्रश्न हा शब्द पुल्लिंगी असल्यामुळे साडी नेसून आलेल्या प्रश्नालाही आम्ही 'तो'च म्हणतो. आजवर कुठल्या प्रश्नाने त्याबद्दल तक्रार केलेली नाही. प्रश्न बसत नाही, उभा राहतो. सुरुवातीला अण्णांनी हौसेने बाकडी करून घेतली होती, ती आम्ही नंतर शाळेला देऊन टाकली.

इकडे प्रश्न निघाला, की तिकडे ज्याचा प्रश्न तो माणूस अडतो. म्हणजे ज्या खुर्चीत बसून तो टाइप करत असतो, तिच्यातून त्याला उठता येत नाही. जेवतो, बोलतो, पेपर वाचतो, पण उठत नाही. शिराळ्याकडचे एक सरपंच 'ज्ञ'वर अडले, तेव्हा ग्रामसभा त्यांच्या खुर्चीभोवती भरवावी लागली. ती एरवीपेक्षा बरीच शांततेत पार पडली म्हणे. उत्तर मिळालं, की प्रश्न सुटतो. सुटलेला प्रश्न मान सरळ करतो, 'येतो बाई' म्हणतो आणि उत्तर घेऊन घरी जातो. तो पोचला की माणूस उठतो आणि पुढचं वाक्य लिहायला पुन्हा बसतो.

माझी एक पद्धत होती. प्रश्न वर आला, की तो काय विचारतोय ते मी लगेच ऐकायचेच नाही. आधी विचारायचं, "कुणाचा तू?" दीपांकरला ही पद्धत कधीच पटली नाही. त्याचं म्हणणं, प्रश्न तो प्रश्न, कुणाचा का असेना. पण 'अनुस्वार कुठे आहे?' हा प्रश्न पतपेढीतल्या कारकुनाचा असला तर त्याला किल्ली सांगितली की झालं. तोच प्रश्न सत्तरीत पहिल्यांदा संगणकाला हात लावलेल्या कीर्तनकारबुवांचा असला, तर आधी 'बुवा, भिऊ नका, दाबल्याने काही मोडत नाही' असं सांगायचं आणि मग किल्ली. किल्ली आधी सांगितली तर बुवा दाबतच नाहीत. हे मला अनुभवाने कळलेलं होतं.

पण बोरू पसरत गेला. जतचे, बार्शीचे, वऱ्हाडातले प्रश्न यष्टीत उभ्याने प्रवास करून यायला लागले. जिना भरला, मग गल्ली भरली. खाली बाबालालभाईंचं तंबोऱ्यांचं दुकान आहे. ते एकदा वैतागून वर आले.

"बाई, तंबोरा लावायला बसलो की वरनं 'कसं? कुठं? का?' असा एकसारखा खर्ज लागतोय," ते म्हणाले. "मी षड्ज धरू कुठला?"

"मलाही आवडत नाही हे. पण मी एकटी. किती पुरी पडू?"

"तुम्ही लवकर सोडवा की."

"चहा प्यायला तरी सोडता का मला कुणी?" मी म्हणाले, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

खरी अडचण तंबोऱ्याची नव्हती. लोक अडून राहायला लागले होते. औंढ्याच्या एक शिक्षिका 'ॲ'वर अडल्या, आणि त्यांचा प्रश्न माझ्यापर्यंत पोचेना. खालच्या पायरीवर उभा होता बिचारा. त्यांचं तान्हं लेकरू शेजारणीने सांभाळलं. हे कळलं तेव्हा मला अन्न गोड लागलं नाही.

दीपांकर पुण्याला नोकरीला. शनिवारी घरी आला की मंडळात यायचा. माझ्याच इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकलेला, त्यामुळे मला बाई म्हणतो आणि माझं काही ऐकत नाही. त्या शनिवारी तो जिन्यातल्या गर्दीतून वाट काढत वर आला आणि म्हणाला, "बाई, आपण प्रश्न बाहेर देऊ या."

"बाहेर म्हणजे?"

"प्रश्नपेठेला."

प्रश्नपेठ म्हणजे पेठ नाक्याच्या पुढे हमरस्त्याला लागून असलेली अवाढव्य शेड. तिथे कुठल्याही विषयाचा प्रश्न घेतात आणि कुणीही येऊन त्याला उत्तर देतं. उत्तर चांगलं असलं तर देणाऱ्याला गुण मिळतात. गुणांचं पुढे काय होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण माणसं त्यासाठी रजा काढून जातात.

"मालक कोण तिचा?" मी विचारलं.

"बाहेरचे आहेत कुणीतरी. पण फुकट आहे, बाई."

"फुकट तर आपला बोरूही आहे. पण त्याचं पोट आपण सगळ्यांना उघडून दाखवतो. त्या शेडचं कुणी दाखवलंय का? उद्या त्यांनी शटर ओढलं तर आपले प्रश्न आत आणि आपण बाहेर."

"त्यांना शटरच नाही. चोवीस तास चालू असतं."

"तसं न्हाई, बाई," अण्णा मध्ये पडले. "दीपांकर म्हणतोय त्यात तथ्य हाय. ती औंढ्याची मास्तरीण अजून खुर्चीत हाय. तुमच्या तत्त्वापायी तिनं किती दिवस बसायचं?"

अण्णांचं खरं होतं, आणि समोरच्याचं खरं असलं की मला राग येतो. मी म्हणाले, करा काय करायचं ते. मत घेतलं. दोन विरुद्ध एक असा ठराव पास झाला.

पुढच्या आठवड्यात प्रश्नपेठेचा टेम्पो आला. त्याच्याबरोबर एक गृहस्थ होते. सफारी, पांढरे केस, हातात चामडी बॅग, बोलणं अगदी मऊ.

"मी क. हाडकर," ते म्हणाले. "प्रश्नपेठ, स्वीकार विभाग."

"क म्हणजे?"

"क म्हणजे क."

"केशव? कृष्णाजी?"

"नाही, मॅडम. नुसता क."

नुसता क असलेला माणूस मी आधी पाहिला नव्हता. पण हल्ली लोक काहीही नावं ठेवतात, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

हाडकरांनी नियम समजावून सांगितले. प्रश्नाने सरळ उभं राहायचं. एका वेळी एकच गोष्ट विचारायची. नमस्कार करायचा नाही.

"नमस्कार का नाही?"

"जागा व्यापतो, मॅडम. 'कृपया' चालत नाही, 'आगाऊ आभार' चालत नाही. 'मी नवीन आहे, सांभाळून घ्या' हे तर मुळीच चालत नाही."

"आमचे सगळे प्रश्न नमस्कार करतात. त्यांना तशी सवय आहे."

"दारात काढून ठेवायचे. देवळात चपला ठेवतो तसे. आमच्याकडे कप्पे आहेत."

"परत जाताना मिळतात का?"

"मागितले तर मिळतात. कुणी मागत नाही."

"आणि दोन प्रश्न सारखे आले तर?"

"पहिला ठेवतो. दुसरा मिटवतो."

"सोडवतो म्हणा."

"नाही, मॅडम," हाडकर शांतपणे म्हणाले. "सोडवणं वेगळं, मिटवणं वेगळं. सोडवायला उत्तर लागतं. मिटवायला शिक्का पुरतो." त्यांनी बॅगेतून शिक्का काढून दाखवला. साधाच होता, लाकडी मुठीचा.

"मिटलेला प्रश्न जातो कुठे?"

"जात नाही. मिटतो."

"आणि ज्याचा प्रश्न, त्या माणसाचं काय?"

"तो उठतो. लगेच उठतो, आमचा लौकिकच तो आहे. ते अक्षर तो पुन्हा लिहायला जात नाही, इतकंच. वळसा घालतो."

"आणि पुढेमागे तोच प्रश्न त्याला पुन्हा पडला तर?"

"मिटलेला प्रश्न पुन्हा पडत नाही. आमच्याकडे तशी एकही नोंद नाही."

दीपांकरने माझ्याकडे 'बघा' अशा नजरेने पाहिलं. मग प्रश्न एकेक करून टेम्पोत चढले. दाराशी हाडकर त्यांचे नमस्कार उतरवून घेत होते. नमस्कार नसलेले प्रश्न जरा ओशाळल्यासारखे दिसत होते, लग्नात टोपी विसरलेल्या माणसासारखे. टेम्पो गेला आणि गल्ली मोकळी झाली.

खोटं कशाला बोलू, औंढ्याच्या बाई त्याच संध्याकाळी उठल्या. 'ॲ'चं उत्तर त्यांना तिथे कुणीतरी चटकन देऊन टाकलं. जे कित्येक दिवस अडले होते ते भराभर सुटले. बाबालालभाईंनी साचलेले तंबोरे लावून पुरे केले आणि खूश होऊन मला खारीक पाठवली. अण्णा माडीवर दुपारचे झोपायला लागले. दीपांकर दर शनिवारी येऊन एकच वाक्य म्हणायचा, "एकही तक्रार नाही, बाई." एकदा म्हणाला, "बोरूतले दोन-तीन नियम काढून टाकले मी. कुणी वापरतच नव्हतं. केवढा हलका झाला बघा."

मला मात्र ती माडी खायला उठायची. रोज जायची सवय, म्हणून जायचे आणि घरचं काहीतरी निवडत बसायचे. दूधवाल्याशी दोनदा भांडले, त्याची काही चूक नसताना. करमत नव्हतं, हेच खरं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी माडीवर लसूण सोलत बसले होते. जिन्यावर पाऊल वाजलं. वर आला तो प्रश्न होता. पंजाबी ड्रेस, पायांवर धूळ, आणि डावा हात कोपरापासून पुढे नव्हताच. पाटीवरचं अक्षर ओल्या बोटाने पुसावं तसा तो तिथून पुसत गेला होता. माझ्या हातातला लसूण खाली पडला.

"कुणाचा तू?" मी विचारलं.

"अंजनाचा," तो म्हणाला. आवाजही अर्धाच होता. "अंजना कुऱ्हाडे. कवठेमहांकाळ."

अंजना माझ्या शेवटच्या तुकडीतली. वाऱ्यासारखी टाइप करायची आणि डबा मात्र रोज घरी विसरायची. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाऊन शिकलेली पोर.

"नमस्कार कुठाय तुझा?"

"तिकडं कप्प्यात राहिला, बाई."

मग त्याने सगळं सांगितलं. अंजना दसऱ्याला स्वतःचं दुकान उघडणार होती. आजवर दुसऱ्यांच्या दुकानात बसून दुसऱ्यांची नावं टाइप केली, आता पाटीवर स्वतःचं नाव हवं, एवढीच तिची हौस. 'अंजना कुऱ्हाडे, टायपिंग व छपाई.' ती पाटी टाइप करायला बसली. 'अंजना' झालं, 'कु' झालं, आणि तिथे अडली. 'ऱ्हा'मधला पापणीसारखा ऱ उमटेचना. मी वर्गात शिकवलेलंच तिने केलं होतं: र दाबा, पुन्हा र दाबा, पापणी लवते. पण लवली नाही. प्रश्न पडला, सवयीने मिरजेकडे निघाला, आणि मिरजेच्या नाक्यावर प्रश्न गोळा करायला उभ्या असलेल्या टेम्पोने त्याला परस्पर प्रश्नपेठेत नेलं.

"तिथं म्हणाले, 'र कुठे आहे?' असा प्रश्न आधीच आहे. त्याचं उत्तर आहे, 'र च्या किल्लीवर.' तेव्हा तू दुसरा. मिटवायला घेतला मला. निम्मा झाला आणि जेवणाची सुट्टी झाली. मग मी चालत निघालो."

"दारात कुणी अडवलं नाही?"

"मिटवायला घेतलेलं आजवर कुणी बाहेर पडलंच नव्हतं. म्हणून अडवणारा नेमलेला नाही."

"आणि तू पुरता मिटलास तर?"

"तर अंजना उठेल. 'साई प्रिंटर्स' नाव देईल. माझा हात गेल्यापासनं तिच्या मनात तसं यायला लागलंय."

गावोगावी इतकी साई प्रिंटर्स आणि साई झेरॉक्स का असतात, याचा उलगडा मला त्या दुपारी झाला. देवाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण देवाच्या नावामागे किती कुऱ्हाडे, गोऱ्हे आणि बऱ्हाटे गप्प बसले असतील कोण जाणे.

मी संगणक लावला. र दाबला, पुन्हा र दाबला. पडद्यावर आलं 'रर'. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा रर. दीपांकर सणाला घरी आलेला होता, त्याला फोन करून बोलावून घेतलं. त्याने प्रश्नाकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि त्याचा चेहरा उतरला.

"हा नियम मी काढला, बाई."

"का?"

"प्रश्नपेठेत मागे कुणीतरी 'ऱ आणि र यांत फरक काय?' असं विचारलं होतं. तो प्रश्न मिटला. मला वाटलं, प्रश्न मिटला."

तो हे अगदी मनापासून म्हणाला. मी डोक्याला हात लावला.

"आणि काढल्यावर एकही तक्रार आली नाही," तो पुटपुटला.

"तक्रार करणाराच पुसून टाकला तर येईल कुठून? उंटावरून शेळ्या हाकतोयस, दीपू! आपल्याच दारात आपला प्रश्न येऊ दिला नाहीस, आणि म्हणे तक्रार नाही. घाल तो नियम परत."

"घालतो. पण नुसता घालून चालत नाही, सगळं तपासावं लागतं. नाहीतर दुसरीकडे मोडेल."

"मग बोलत काय बसलायस?"

तो कामाला लागला, आणि तेवढ्यात हाडकर जिना चढून आले. तोच सफारी, तीच बॅग. त्यांनी प्रश्नाला ओळखलं, पण रागावले नाहीत.

"हा आमच्या ताब्यातला आहे, मॅडम," ते म्हणाले. "अर्धा मिटलेला प्रश्न असा बाहेर फिरणं बरं नव्हे. त्यालाही त्रास होतो."

"तो सुटणार आहे. दीपांकर काम करतोय."

"शिक्का पुरा होण्याआधी सुटला तर आमची हरकत नाही. नियमात तशी तरतूद आहे. पण कार्यालयाची वेळ संपेपर्यंतच. त्यानंतर मला शिक्का मारावा लागेल." त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्या खुर्चीत बसले आणि शिक्का गुडघ्यावर ठेवला. मी चहा टाकला. शत्रू असला तरी पाहुणा होता.

चहा देताना म्हटलं, "हाडकर, दर्या आणि दऱ्या यांत तुम्हाला काही फरक वाटत नाही? दर्यात माणूस बुडतो. दऱ्यांत कोसळतो."

हाडकरांनी विचार केला. "दोन्हीकडे तो दिसेनासा होतो, मॅडम."

"आवो, माझ्या तंबोऱ्यांत पण त्येच अक्षर हाय न्हवं?" बाबालालभाई आवाज ऐकून वर आले होते. "पापणी काढली तर मी काय विकू?"

"एका वेळी एकच विचारा," हाडकर म्हणाले.

प्रश्न भिंतीला टेकून उभा होता. त्याचा डावा खांदा आता दिसत नव्हता. फोन वाजला. अंजना होती.

"बाई, खूप दिवसांनी फोन करत्येय," ती म्हणाली. आवाज हलका, जरा जास्तच हलका. "एक विचारू? 'साई प्रिंटर्स' कसं वाटतं? सुटसुटीत आहे ना? रंगारी पण म्हणाला, अक्षरं कमी आहेत, लवकर होईल."

"अंजे, गप्प बस. रंगाऱ्याला चहाला पाठव. आणि जागची हलू नकोस."

"हलता येत नाही, बाई. पण आता थोडं थोडं यायला लागलंय."

खरंच सांगते, माझी आई गेली तेव्हा मी इतकी घाबरले नव्हते. तेव्हा काय होतंय ते निदान दिसत तरी होतं. इथे एक पोर आपलं नाव सोडून देत होती, आणि तिला त्यात मोकळं वाटत होतं. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि तिला डब्याची आठवण काढून शिव्या देत राहिले, म्हणजे तिचं लक्ष माझ्याकडे राहील. हाडकरांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. शिक्का हातात घेतला, त्यावर फुंकर मारली.

"झालं," दीपांकर म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "दाबा, बाई."

मी र दाबला. पुन्हा र दाबला.

पापणी लवली.

मग मी सबंध नाव लिहिलं, कुऱ्हाडे, आणि पडदा प्रश्नाकडे फिरवला. त्याने ते एकदा वाचलं. खांदा आला, मग दंड, मग कोपर, मग बोटं. मान सरळ झाली. त्याने दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला. जुना तिकडेच राहिला होता, हा नवा होता. "येतो, बाई," म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेला. फोनवर अंजना म्हणाली, "बाई, मी काय बोलत होते?"

"काही नाही. रंगाऱ्याला सांग, अक्षरं जास्त आहेत," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग पदराने डोळे पुसले. दीपांकर दुसरीकडे बघत होता, म्हणून बरं झालं.

हाडकरांनी शिक्का बॅगेत ठेवला. "सुटला. मी तशी नोंद करतो," ते म्हणाले. पण निघाले नाहीत. बशीत उरलेला चहा प्यायले. बाबालालभाई खाली गेले, तरी ते पडद्याकडेच बघत होते.

"मॅडम, ते पुन्हा एकदा दाबून दाखवता?"

मी दाबून दाखवलं. ऱ.

त्यांनी तर्जनीने आपल्या गुडघ्यावर ते अक्षर काढून पाहिलं. एकदा चुकलं, मग जमलं.

"हाडकर, तुमचं मूळ गाव कुठलं हो?" मी विचारलं.

"कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं."

"संगमावर तर—"

"नावाचा प्रश्न मिटलेला आहे, मॅडम," ते मऊपणे म्हणाले. "फार वर्षं झाली. नोकरीला लागलो तेव्हाच." आणि बॅग उचलून उठायला गेले.

धप्प असा आवाज झाला. खाली बाबालालभाईंच्या दुकानात एक तार आपोआप झणकारली.

हाडकरांनी खाली पाहिलं नाही. ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. "आमच्याकडे तशी नोंद नाही," ते हळू आवाजात म्हणाले, आणि पुन्हा उठायचा प्रयत्न केला. उठता आलं नाही. ते अडले होते.

खुर्चीच्या पायाशी पडलेला उठला. त्याचे केस काळे होते, मिशी नुकती फुटलेली, सदरा नव्या नोकरीला घालतात तसा कडक इस्त्रीचा. त्याने कपडे झटकले. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि हात जोडले.

"नमस्कार, बाई," तो म्हणाला. "मी नवीन आहे, सांभाळून घ्या."

दीपांकरने माझ्याकडे पाहिलं. मी लसणाचं ताट बाजूला सारलं आणि पदर खोचला.

"कुणाचा तू?"

"कऱ्हाडकरांचा," तो म्हणाला.